उचललेली चटई

माउंट ड्रुइट, सिडनी
२ मार्च २०१०

प्रिय फुआतिनोताई,

हे पत्र टपालाने येणार नाही. गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवतोय, म्हणजे कप्पा उघडलास की आधी माझाच आवाज ऐकू येईल. फोनवर सगळं सांगता आलं असतं, पण आपल्या घराला भिंतीच नाहीत. तू 'हॅलो' म्हणालीस की अर्धं गाव चटया ओढून बसतं.

तर ही घे तुझी गाडी. सप्टेंबरात आपल्या बेटांवर गाड्या उजवीऐवजी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचं ठरलं तेव्हा सगळे सरकारच्या नावाने बोटं मोडत होते. आता कळलं ना फायदा? इथली गाडी, इथलंच स्टिअरिंग, बोटीतून उतरवली की सरळ फालेवाओपर्यंत. दारावर 'फालेवाओची शान' लिहून घेतलंय आणि कपाळावर आईचं नाव, मालाएआ, पांढऱ्या अक्षरांत. रंग असा मारून घेतलाय की तोंड बघून भांग पाडावा.

गाडी अगदी ठणठणीत आहे. पानापा दाजींना म्हणावं, पन्नाशीत ड्रायव्हिंग शिकलात, आता जरा ऐट करा. चर्चचे वडीलधारे म्हणून किती वर्षं पायी तुडवणार? आठवडी बाजार, बोटीचा धक्का, आजारी माणसं, सगळं होईल. आणि थोरले काका म्हणत होते ना, घराण्याच्या प्रमुखाची पदवी कुणाला द्यायची ते डिसेंबरात ठरवू? त्यांनाच पहिली फेरी मारून आणा.

तुझा,
उएलेसे


फालेवाओ, सावाई
१९ मे २०१०

चि. उएलेसे यास ताईचे आशीर्वाद.

फोनवर मी एवढंच म्हणाले की अपघात झाला, दाजी बरे आहेत, आणि फोन ठेवला. तू दुखावला असशील. पण जे बोलायचं होतं ते शेजारणींसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

गाडी आली तो दिवस सणाचा होता. पाद्रींनी प्रार्थना केली, काकांनी फेरी मारली, पोरांनी टपावर चढून तुझ्या नावाने आरोळ्या दिल्या. आईचं नाव वाचून मी रडले. पाच आठवडे दाजी ती गाडी लेकराला न्यावं तशी नेत होते.

चोवीस एप्रिलचा शनिवार. सातुलेआच्या चर्चजवळचा उतार तुला ठाऊक आहे. खालून कोलोने येत होता. तू त्याला ओळखतोस, शाळेत तुझ्यापुढे दोन वर्षं होता, गाण्यात खर्जाचा आवाज लावायचा तो. खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना अळूच्या कंदांच्या टोपल्या. अशा ओझ्याखाली माणूस उडी मारून बाजूला होत नाही. दाजी म्हणतात, "मी पाय दाबला, दाबला, गाडी थांबलीच नाही." गाडी त्याच्या पायावरून गेली आणि चर्चच्या कुंपणाला जाऊन अडकली. कंद उतारावरून खालपर्यंत घरंगळत गेले.

मग लोकांनी निवाडा केला: नवी बाजू, नवशिका हात. दाजींनाही तेच पटलं. म्हणाले, "घाबरलो असेन, पाय दुसरीकडेच पडला असेल." पोलिसांना त्यांनी स्वतःच तसं सांगून टाकलं. माणूस कबूल करतोय म्हटल्यावर गाडी कोण तपासतंय?

सोमवारी आम्ही इफोगाला गेलो, माफी मागायला. तू लहानपणी लांबून पाहिला असशील, डोक्यावर चटई घेऊन कधी बसला नाहीस. मीही नव्हते बसले. उजाडायच्या आधी काका, दाजी, मी आणि चार चुलतभाऊ कोलोनेच्या दारासमोर खडीवर गुडघे टेकून बसलो. डोक्यावर आईची बारीक विणीची चटई. तू पोटात होतास तेव्हा ती विणायला घेतली होती तिने, आणि तू चालायला लागलास तेव्हा संपली. माझ्या मनात होतं की तुझ्या पदवीच्या दिवशी ती काढायची.

चटईखाली काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. एक कोंबडा आमच्या पाठीवरून चालत गेला. कोलोनेची म्हातारी आई कुणाला तरी ओरडली, "लेइतू, दगड खाली टाक!" लेइतू म्हणजे त्याची मुलगी, चौदा वर्षांची. तो दगड आमच्यासाठीच होता, आणि मी मनात म्हटलं, मार बाई, मोकळी हो.

ऊन चढलं. आत माणसं बोलत होती, पण बाहेर कोणी येत नव्हतं. मग पावलं आली. कोलोनेची बायको वाओसा होती. पलीकडच्या बेटावरून, आपियाच्या इस्पितळातून पहिल्या बोटीने आली होती, हातांना फिनेलचा वास. तिने स्वतः चटई उचलली आणि म्हणाली, "उठा, ऊन लागेल." एवढंच. काका भाषण पाठ करून गेले होते, त्यांना एक वाक्य आठवेना.

त्यांनी आम्हाला माफ केलं आहे, उएलेसे. कोर्टानेही ते ध्यानात घेऊन दाजींना थोडक्यात सोडलं. मग मला एवढी लाज का वाटते ते मलाच कळत नाही.

ताई


माउंट ड्रुइट
११ जून २०१०

प्रिय ताई,

पत्र वाचलं. इकडे कामाची फार गडबड आहे, कोंबड्यांच्या कारखान्यात दोन पाळ्या करतोय, म्हणून थोडक्यात लिहितो.

झालं ते वाईट झालं. दाजींनी सवय होईपर्यंत उतारावर गाडी घालायला नको होती, पण आता बोलून काय उपयोग? त्यांना सांग, मनाला लावून घेऊ नका. सोबत थोडे पैसे ठेवलेत, ते कोलोनेकडे दे.

आणि एक. ती गाडी दारात ठेवू नकोस. अपशकुनी वस्तू. दुरुस्त वगैरे करायच्या भानगडीत कोणी पडू नका, उगाच खर्च. आपियाहून कोणी भंगारवाला येत असेल तर देऊन टाक, मिळेल त्या भावात. हे लवकर कर.

पदवीचं काका काय म्हणतात?

उएलेसे


फालेवाओ
१४ ऑक्टोबर २०१०

चि. उएलेसे,

जूननंतर तुझं पत्र नाही. फोन केला तर "ताई, पाळी आहे" म्हणून ठेवतोस. मेलेल्या कोंबड्या काय पळून जाणार आहेत?

तू म्हणालास तशी गाडी भंगारात दिली. तुझे पैसे मी वाओसाकडे घेऊन गेले होते. तिने घेतले नाहीत. म्हणाली, "चटई उचलली तेव्हाच सगळं मिटलं. आता पैसे घेतले तर माफी विकल्यासारखं होईल." मी ते परत आणले. आणि तेव्हापासून त्या घराकडे बघते आहे, आणि जे दिसतं ते तुला सांगायलाच हवं.

कोलोनेचा पाय जूनमध्ये गुडघ्याखाली कापला. जखम चिघळत गेली होती. दहा आठवडे तो आपियाला इस्पितळात, आणि वाओसा त्याच्या खाटेखाली चटई टाकून. सरकारातून जे मिळायचं ते मिळालं, ते औषधं आणि बोटीच्या भाड्यातच विरघळलं. माणूस इस्पितळात असला की त्याच्याजवळचंही माणूस जेवतं, भेटायला येणारंही जेवतं, आणि मागे घरातलीही जेवायची थांबत नाहीत. आधी डुकरं गेली, पाचही. मग शिलाईचं यंत्र. मग वाओसाच्या आईने दिलेल्या चटया. त्या दिवशी त्यांना दिलेली आपली चटई कुठे गेली ते मी विचारलं नाही, पण त्यांच्या पेटीत ती आता नसावी.

लेइतूने जुलैत शाळा सोडली. म्हातारीकडे बघायला कोणीतरी हवं, मळ्यात कोणीतरी हवं. हुशार पोर रे, इंग्रजीत पहिली यायची. रविवारी मुलांचा सण होता. सगळी पोरं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत वेदीपुढे उभी राहून वचनं म्हणत होती. लेइतू आली नाही. नंतर कळलं, ती चर्चच्या मागे पपईखाली उभी राहून सगळी वचनं तोंडातल्या तोंडात म्हणत होती. तिच्याकडे पांढरा झगा नव्हता.

आणि देणगीची नावं वाचतात ना आपल्याकडे, घरागणिक? पाद्री "कोलोने" म्हणतात, आणि पुढे रकमेचा आकडाच नाही. थोडं थांबतात, मग पुढचं नाव घेतात. ते थांबणं ऐकवत नाही. सगळं चर्च पायाच्या नखांकडे बघत असतं.

एका पायाचा प्रश्न होता, उएलेसे. बघता बघता अख्खं घर लंगडं झालं. आणि आम्ही माफ झालेली माणसं आपापल्या घरी नीट जेवतो आहोत.

दाजींनी चर्चचं वडीलपण सोडलं. दर शनिवारी कोयता घेऊन सातुलेआला चालत जातात, कोलोनेच्या मळ्यातलं गवत काढतात, कंद उपटून टोपली दारात ठेवतात आणि न बोलता परत येतात. घरात कोणी बोलावलं तरी आत जात नाहीत. जेवायला बसले की त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबत असतो. दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. आधी मला वाटलं मुंग्या आल्या असतील. मग कळलं की ते तो उतार पुन्हा पुन्हा उतरत असतात.

काकांनी पदवीचा दिवस ठरवला आहे, अठरा डिसेंबर. म्हणाले, "ज्याने गाडी पाठवली, त्याचा मान." तिकीट काढलंस म्हणे. ये. पण येण्याआधी मला पत्र लिही. तू असा गप्प का आहेस?

ताई


माउंट ड्रुइट
५ नोव्हेंबर २०१०

ताई,

हे पत्र एकटीने वाच.

गाडी मी एका म्हाताऱ्याकडून घेतली होती. मेकॅनिकने खालून बघितली आणि मला वाकून दाखवलं. ब्रेकची नळी गंजून पापुद्र्यासारखी झाली होती. म्हणाला, "ही बदलल्याशिवाय घराबाहेर काढू नकोस." मी किंमत विचारली. माझ्याकडे तेवढे होते, ताई. ते रंगासाठी ठेवले होते.

जहाज सुटायला सहा दिवस होते. दोन्ही जमत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, नळी कुणाला दिसणार आहे? दिसणार ते नाव. फालेवाओत गाडी उतरेल, काका बघतील, पाद्री बघतील. नळीचं दाजींना फोनवर सांगू, ते आपियात बदलून घेतील. मग फोन केला तेव्हा तू रडत होतीस, आईचं नाव वाचून. मागे पोरं माझ्या नावाने ओरडत होती. पुढच्या फोनला सांगू म्हटलं. असे पाच आठवडे गेले.

दाजींचा पाय बरोबर पडला होता. तुम्ही माझ्यासाठी खडीवर बसलात आणि मी इकडून लिहिलं की दाजींनी उतारावर गाडी घालायला नको होती. ते वाक्य लिहिताना माझा हात कसा झडला नाही? भंगाराचं का लिहिलं तेही तुला आता कळलं असेल. चोराच्या मनात चांदणं.

आता मी काय म्हणतो ते ऐक. मी दर पंधरवड्याला पैसे पाठवीन. तू ते पाद्रींना दे, आणि त्यांनी चर्चतर्फे म्हणून कोलोनेला द्यावे. म्हणजे वाओसाला घेता येतील. दाजींना काही सांगू नकोस. झालं गेलं, माफीही मिळालेली आहे. हे आत्ता बाहेर आलं तर पदवी जाईल ती जाईलच, पण काका कुठे तोंड दाखवतील? तुझ्यासाठीच सांगतो.

उएलेसे


फालेवाओ
२४ नोव्हेंबर २०१०

उएलेसे,

"तुझ्यासाठीच सांगतो" ही ओळ तेवढी खोडून टाकायला हवी होतीस. बाकीचं पत्र खरं होतं.

तीन दिवस मी ते पत्र कमरेला खोचून फिरले. आपल्यात भाऊ बहिणीचा मान राखतो, म्हणून बहिणीनेही भावाचं झाकावं असं मला शिकवलंय. चौथ्या दिवशी जेवताना दाजींचा पाय पुन्हा सुरू झाला. मी त्यांना मागच्या चुलीच्या खोपटात नेलं आणि पत्र वाचून दाखवलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "दाजींचा पाय बरोबर पडला होता, ते पुन्हा वाच." मी वाचलं. "पुन्हा." मी तीनदा वाचलं. मग हा पन्नास वर्षांचा माणूस निरफणसाच्या सालींच्या ढिगाशेजारी बसून लहान पोरासारखा रडला. तुला एक शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मी मात्र दिल्या, मनात, सगळ्या.

दुसऱ्या दिवशी मी सातुलेआला गेले. वाओसा ओसरीत बसून चटई विणत होती, विकायची. मी वाटभर जुळवलेलं सगळं सांगायला लागले. नळी, रंग, भंगार. तिने माझं बोलणं अर्ध्यात तोडलं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"जुलैपासून. तुझी गाडी ज्याने घेतली तो भंगारवाला माझ्या मावसबहिणीचा नवरा. नळी बघून तोच सांगत आला."

म्हणजे तू लपवायला जी गाडी घाईने घालवलीस, तीच सांगून मोकळी झाली.

मी म्हटलं, "मग वाओसा, बोलली का नाहीस? माझा नवरा सात महिने जळतोय."

तिचे हात थांबले. वर न बघता म्हणाली, "पहिल्याच शनिवारी सांगणार होते. तो टोपली ठेवून गेला. त्या दिवशी घरात म्हातारीपुरताही कंद नव्हता. म्हटलं, हे शिजवू, पुढच्या शनिवारी सांगू. पुढच्या शनिवारीही तेच. त्याला कळलं की आपली चूक नाही, तर तो कशाला येईल? मग गवत कोण काढणार, मी की एका पायाचा माणूस? फुआतिनो, असे सतरा शनिवार झाले. मी मोजलेत. तुझा भाऊ रंगाला भुलला, मी टोपलीला. तुमच्या डोक्यावरची चटई मी उचलली. आता माझ्या डोक्यावरची कोण उचलणार?"

मी तिच्या मांडीवरचं विणकाम बाजूला सारलं आणि तिला जवळ धरलं. आतून कोलोने खर्जात म्हणाला, "त्यांना कोको तरी दे." त्याने सगळं ऐकलं होतं. भिंती नाहीत ना.

शनिवारी दाजी कोयता घेऊन निघाले. मी म्हटलं, "आता कशाला?" म्हणाले, "गवताला कुठे कळलंय?" पण या वेळी टोपली दारात ठेवून परत नाही आले. आत गेले, जेवून आले. रात्री त्यांचा पाय शांत होता.

आता तू. काकांना मी सांगितलं आहे. म्हणाले, पदवी या वर्षी कोणालाच नाही. पुन्हा इफोगा करू का म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "एका गुन्ह्याला एकच चटई. ती आपण खोट्यावर घालवली." तेव्हा चटई शोधत बसू नकोस, आता डोकं झाकायला काही नाही.

पैसे पाठव, ते तर हवेतच. कोलोनेला लाकडी पाय हवा आहे, लेइतूची शाळा जानेवारीअखेर उघडते. पण पाद्रींच्या आडून नाही. तुझ्या नावाने. त्यांनी घेतले नाहीत तर पुन्हा पाठव.

आणि तुझं तिकीट आहेच. अठरा डिसेंबर कुठला वार आहे ते बघ.

ताई


माउंट ड्रुइट
५ डिसेंबर २०१०

ताई,

बघितला. शनिवार आहे.

सतराच्या बोटीने येतो. धक्क्यावर कोणी हार घेऊन येऊ नका. कारखान्यातून सुट्टी जानेवारीअखेरपर्यंत मिळाली आहे, म्हणजे सात शनिवार. परत आल्यावर दोन पाळ्या पुन्हा सुरू करीन. पायाचं इथल्या एका दवाखान्यात विचारून ठेवलंय, कोलोनेच्या उरलेल्या पायाचं माप लागेल. ते मीच घेईन, त्याने घेऊ दिलं तर.

पेटीत एक पांढरा झगा आहे. चौदा वर्षांच्या मुलीचा म्हणून मागितला, बेताचा होईल का माहीत नाही. तो वाओसाकडे तू दे. माझ्या हातून नको.

दाजींना म्हणावं, अठराला घरी बसा. कोयत्याला तेवढी धार लावून ठेवा, माझे हात आता मऊ पडलेत. त्यांच्यासमोर उभं कसं राहायचं ते मला अजून सुचलेलं नाही. विमानात विचार करीन, पण सुचेल असं वाटत नाही.

मी सकाळी उजाडल्यावर जाईन, अंधारात नाही. कोलोनेच्या दारासमोर त्याच खडीवर उभा राहून गाडीचं सगळं सांगेन, रंगाचंसुद्धा, मोठ्याने, शेजारच्या घरांना ऐकू जाईल असं. मग मळ्यात जाईन.

लेइतूने दगड उचलला तर म्हातारीला सांग, या वेळी तिचा हात धरू नका.

उएलेसे